यासाई इतामे: घरच्या गॅसवर जपानी पद्धतीच्या परतलेल्या भाज्या

कोबी, गाजर, कांदा, ढोबळी मिरची आणि मुगाचे लांब मोड. सोबत थोडं मांस किंवा टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. हे सगळं मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत परतून सोया सॉस आणि मिरपूड घातली की यासाई इतामे तयार होतं. जपानमधल्या लहान खानावळींत ते भात, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) आणि लोणच्याच्या बशीबरोबर ताट म्हणून मिळतं. घरी मात्र ते फ्रिजमध्ये उरलेल्या भाज्यांतून, कामावरून परत आल्यावर पटकन केलं जातं. परतण्याची ही रीत मुळात चिनी स्वयंपाकातली आहे, पण जपानी घरांतून खोल चिनी कढईपेक्षा साधा सपाट फ्रायपॅनच जास्त वापरला जातो. त्यामुळे आपल्याकडे वेगळं भांडं आणायची गरज नाही.

पदार्थ सोपा आहे. तरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या ताटलीत बहुतेक वेळा खाली तपकिरी पाणी साचतं आणि वर कोबी मऊ पडलेला असतो. चव वाईट लागत नाही, पण ती उकडलेल्या भाजीची लागते. भाजीतलं पाणी भाजीतच ठेवता आलं की बाकी सगळं जमतं, म्हणून पुढचं बरंचसं लिखाण या पाण्याबद्दलच आहे.

पाणी का सुटतं

कोबीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मोडांमध्ये तर त्याहूनही जास्त. भाजी तापली की तिच्या पेशी सैल होतात आणि पाणी बाहेर येऊ लागतं. पॅन पुरेसा गरम असेल तर हे पाणी आल्याआल्या वाफ होऊन उडून जातं, भाजीचा पृष्ठभाग कोरडा राहतो आणि त्यावर हलके तांबूस डाग पडतात. तो खमंग वास तिथूनच येतो. पण पाण्याची वाफ करायला फार उष्णता लागते. २० अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटींहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. एकदम पॅनभर भाजी ओतली की घरच्या शेगडीला हे झेपत नाही. पॅन थंडावतो, पाणी साचतं आणि मग भाजी त्याच पाण्यात शिजते.

मिठाचंही तसंच आहे. मीठ लागलं की भाजी पाणी सोडते, हे कोशिंबिरीत आपण रोज बघतो. सोया सॉसमध्ये भरपूर मीठ असतं, तेव्हा तो सुरुवातीला घालायचा नाही.

यातून चार नियम निघतात: भाजी कोरडी हवी, एका वेळी थोडी हवी, पॅन आधी तापलेला हवा आणि खारट काहीही शेवटी घालायचं. चार माणसांचं करायचं असेल तर दोन घाणे काढा. प्रत्येक घाण्याला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे एकत्र करून फारसा वेळ वाचत नाही आणि पदार्थ मात्र बिघडतो.

दोन माणसांसाठी सामान

भाज्या एकूण ४०० ग्रॅमच्या आसपास घ्या: कोबी १५० ग्रॅम, मोड १०० ग्रॅम, एक लहान कांदा, एक लहान ढोबळी मिरची आणि अर्धं गाजर. यासाठी २६ ते २८ सेंटिमीटरचा पॅन पुरतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मोठ्या माणसासाठी दिवसाला ३५० ग्रॅम भाज्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. या एका जेवणात माणशी २०० ग्रॅम पोटात जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त. ही सगळी यादी जमली नाही तरी बिघडत नाही. कोबी मात्र हवाच, कारण गोडवा त्याचाच असतो. फरसबी, मशरूम, पातीचा कांदा, ब्रोकोली हेही चालतं. वांगं, दुधी आणि टोमॅटो यात नकोत, त्यांना पाणी फार.

मोड म्हणजे आपण उसळीला आणतो ते नव्हेत. धान्य तेच, हिरवे मूग, पण हे मोड अंधारात बोट-दीड बोट लांब वाढवलेले, पांढरे आणि रसरशीत असतात. मोठ्या शहरांतल्या मंडईत आणि सुपरमार्केटमध्ये ते बीन स्प्राउट्स म्हणून मिळतात. घरीही होतात: भिजवलेले मूग भोकांच्या भांड्यात पसरा, वर ओलं फडकं आणि त्यावर ताटली व थोडं वजन ठेवा, भांडं अंधारात ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. वजनाच्या दाबामुळे देठ जाड होतात. चार-पाच दिवसांत ते वापरण्याजोगे होतात. आंबूस वास आला किंवा देठ चिकट लागले तर टाकून द्या. मोडांवर जंतू लवकर वाढतात, म्हणून आणल्यावर एक-दोन दिवसांत संपवा आणि कच्चे खाऊ नका. उसळीचेच आखूड मोड हाताशी असतील तर तेही चालतील, फक्त त्यांतला मूग शिजायला वेळ लागतो, म्हणून ते आधी वाफवून घ्या.

मांस घेणार असाल तर १२० ग्रॅम पुरे. जपानी घरांत यासाठी डुकराच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप वापरतात. आपल्याकडे चिकनच्या पातळ पट्ट्या सोप्या पडतात. मांस नको असेल तर २०० ग्रॅम घट्ट टोफू किंवा दोन अंडी घ्या.

चवीसाठी १ मोठा चमचा (१५ मिली) जपानी पद्धतीचा सोया सॉस, १ मोठा चमचा पाणी, अर्धा लहान चमचा साखर, अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि मिरपूड लागते. शिवाय आल्याचा इंचभर तुकडा, लसणाची एक पाकळी आणि परतायला १ मोठा चमचा रिफाइंड तेल. जपानी स्वयंपाकघरात पाणी आणि साखरेच्या जागी साके (तांदळाची दारू) आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) येतात. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो, त्यामुळे मद्य टाळणाऱ्या घरात साखर-पाणीच बरं, आणि या पदार्थात फरकही फारसा जाणवत नाही. मिसळणाचा डबा आज उघडायचा नाही. मोहरी, हिंग, हळद घातली तर चांगली कोबीची भाजी होईल, पण हा पदार्थ होणार नाही.

सोया सॉस आणि तिळाचं तेल

सोया सॉस घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. जपानी पद्धतीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच मुख्य असतं. कोजी नावाच्या बुरशीच्या मदतीने ते कित्येक महिने आंबवतात. किराणा दुकानातल्या अनेक ‘डार्क सोया’ बाटल्यांत रंगासाठी कॅरमेल असतं. तो सॉस हाका नूडल्सला ठीक आहे, इथे मात्र भाज्या काळ्या करतो. गहू ज्यांना चालत नाही त्यांनी तामारी शोधावा. तो बहुधा गव्हाशिवाय करतात, तरी घटकांची यादी तपासूनच घ्या.

तिळाच्या तेलाबाबतही नीट बघून घ्या. आपल्याकडचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट रंगाचं असतं. जपानमध्ये शेवटी वासासाठी घालतात ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी तेल. ते मिळालं तर गॅस बंद केल्यावर अर्धा लहान चमचा घाला. मिळालं नाही तर दोन चमचे तीळ कोरडे भाजून खलबत्त्यात जाडसर कुटा आणि वरून भुरभुरा. मला तर हा पर्याय तेलापेक्षाही आवडतो.

चिरणं

सगळं चिरून, मोजून, ओळीने मांडल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. एकदा सुरुवात झाली की आलं सोलायलाही सवड मिळत नाही.

भाज्या चिरण्याआधी धुवा, नंतर नको. धुतल्यावर चाळणीत निथळू द्या आणि मग स्वच्छ पंचावर पसरून खरोखर कोरड्या करा. मोडांना पाच मिनिटं तरी पंचात गुंडाळून ठेवा. वेळ असेल तर त्यांची केसासारखी मुळं खुडून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याने चावताना स्वच्छ लागतं.

कोबीची पानं तीन-चार सेंटिमीटरच्या चौकोनांत चिरा. भाजीसाठी चिरतो तसा बारीक नको, कारण जितके जास्त काप तितक्या जास्त जागांतून पाणी निघतं. पानाची जाड शीर वेगळी काढा आणि तिरकी, पातळ कापा. टाकू नका, सगळ्यात गोड भाग तोच. गाजराच्या चार-पाच सेंटिमीटर लांब, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करा. कांदा देठापासून मुळाकडे, म्हणजे रेषांच्या दिशेने, बोटभर रुंद फोडींत कापा. आडवा कापला तर तो लवकर मऊ पडतो. ढोबळी मिरचीही उभीच. जाडी अशी ठेवायची की चिवट भाजी पातळ आणि नाजूक भाजी मोठी राहील, म्हणजे सगळ्या एका वेळेला शिजतात.

चिकनच्या पट्ट्यांना मोजलेल्या सोया सॉसमधलाच एक लहान चमचा, किसलेलं थोडं आलं आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून दहा मिनिटं ठेवा. टोफू फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, अर्ध्या तासात त्यातलं बरंच पाणी निघून जातं. मग दोन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांना वरून कॉर्नफ्लोअर लावा. उरलेला सोया सॉस, पाणी, साखर आणि कॉर्नफ्लोअर एका वाटीत कालवून ठेवा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळायचं लक्षात ठेवा.

परतणं

लोखंडी पॅन किंवा पसरट कढई असेल तर ती मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो गोळी होऊन पळू लागला की मगच तेल घाला. नॉनस्टिक पॅन मात्र असा रिकामा तापवू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो. त्यात आधी तेल घाला, मध्यमपेक्षा थोडी जास्त आच ठेवा आणि भाजी आणखी कमी घ्या.

आधी अर्ध्या तेलात चिकन पसरा. अर्धा-पाऊण मिनिट हात लावू नका. खालून रंग आला की उलटा, आतपर्यंत शिजू द्या, दोन-तीन मिनिटं लागतील. मग ताटलीत काढा. टोफूचे तुकडे असेच सोनेरी करून काढायचे. अंडी असतील तर फेटून ओता, मोठ्या घड्यांत ढवळा आणि अर्धवट ओलसर असतानाच काढा. ती पुन्हा पॅनमध्ये जाणार आहेत, तेव्हा पुरी शिजतील.

आता उरलेलं तेल, आलं आणि ठेचलेला लसूण. वास सुटला की, म्हणजे दहा सेकंदांत, कांदा, गाजर आणि कोबीच्या शिरा घाला. पसरवा आणि थांबा. नवशिक्याचा हात इथे सतत उलथणं फिरवत राहतो, आणि त्याने प्रत्येक तुकडा गरम पृष्ठभागापासून उचलला जातो. वीस सेकंद राहू द्या, खालून वर उलटा, पुन्हा वीस सेकंद. मिनिटभरात गाजर वाकू लागेल. मग ढोबळी मिरची आणि कोबीची पानं घाला, तसंच अजून मिनिटभर. पान चकचकीत हिरवं झालं की मोड टाका आणि लगेच चिकन किंवा टोफू परत घाला. मोडांना पाऊण मिनिट पुरे.

या सगळ्या वेळात कान पॅनकडे ठेवा. चर्र असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येत असेल तोवर ठीक चाललं आहे. आवाज मंदावून बुडबुड ऐकू आली की पाणी साचलं समजा. अशा वेळी झाकण ठेवू नका आणि ढवळूही नका. भाजी कडेला सरकवून मधल्या मोकळ्या जागेतलं पाणी उडू द्या. फारच साचलं असेल तर ते वाटीत काढून घ्या, सूपला उपयोगी पडतं.

वाटीतला रस ढवळून पॅनच्या कडेने, तापलेल्या धातूवर ओता. भाजीवर थेट ओतला तर सोया सॉसला कच्चट वास राहतो, कडेला लागला की तो क्षणात खरपूस होतो. दोन-तीनदा उलटसुलट करा. कॉर्नफ्लोअरमुळे रस घट्ट होऊन प्रत्येक तुकड्याला पातळ लेपासारखा चिकटेल. वीस सेकंदांत गॅस बंद. मिरपूड, तिळाचं तेल किंवा कुटलेले तीळ वरून घाला आणि लगेच ताटलीत काढा. गरम पॅनमध्ये राहिली तर भाजी शिजतच राहते.

इंडक्शनवर किंवा मंद शेगडीवर हे जमत नसेल तर खानावळींतली एक युक्ती करा. उकळत्या पाण्यात चमचाभर तेल टाकून गाजर आणि कोबीच्या शिरा अर्धा मिनिट बुडवून काढा, चांगल्या निथळा आणि मग परता. पॅनवरचं काम निम्मं होतं.

मिठाचा हिशेब

जपानी जेवण म्हणजे आपोआप पथ्याचं, असं धरून चालू नका. भाज्या, मासे, सोयाबीन हे सगळं चांगलं आहे, पण मीठ ही त्या जेवणाची जुनी अडचण आहे. जपानमध्ये मोठी माणसं सरासरी दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास मीठ खातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ग्रॅमच्या आतली आहे. नागानो प्रांतात पक्षाघाताचं प्रमाण पूर्वी खूप होतं. तिथे गावागावांतल्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सूपमधलं मीठ मोजलं आणि कमी मिठाचा स्वयंपाक शिकवला. आज तो प्रांत दीर्घायुष्यासाठी ओळखला जातो.

एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं. म्हणजे वर दिलेल्या मापात माणशी सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. त्यात वेगळं मीठ घालू नका आणि सोया सॉस बाटलीतून अंदाजाने ओतू नका, चमच्याने मोजा. रक्तदाब असलेल्यांनी कमी मिठाचा सोया सॉस घ्यावा किंवा माप निम्मं करून शेवटी लिंबू पिळावं. फिकट रंगाचा उसुकुची सोया सॉस सौम्य दिसतो, पण त्यात मीठ नेहमीच्यापेक्षा जास्त असतं.

मीठ कमी केल्यावर चव पडू नये यासाठी वाळवलेले शिताके मशरूम फार कामाचे आहेत. दोन मशरूम वाटीभर गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. साध्या पाण्याऐवजी हे पाणी रसात वापरा आणि मशरूम चिरून कांद्याबरोबर परता. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. सोया सॉसमध्ये तेच ग्लुटामेट असतं. शिताकेमधलं ग्वानिलेट त्याच्याबरोबर आलं की दोन्ही मिळून चव कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे थोडाच सोया सॉस पुरतो. शाकाहारी लोकांसाठी तर हा सर्वांत चांगला उपाय आहे. तयार मिळणाऱ्या जपानी सॉसच्या पाकिटांत मासे, डुकराचं मांस किंवा कालवं यांचा अर्क बऱ्याचदा असतो. जपानमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मराठी माणसांनी घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही हा पदार्थ करता येतो. जपानमधल्या बौद्ध मठांच्या शोजिन स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्ज्य आहे. कोबी, गाजर, शिताके, टोफू आणि आलं एवढ्यावर तिथे उत्तम परतलेल्या भाज्या होतात.

कारल्याचा भाऊबंद

साधं यासाई इतामे जमलं की जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचं गोया चांपुरू करून बघा. त्यात मुख्य भाजी कारलं. सोबत घट्ट टोफू, अंडी आणि बहुधा डुकराचं मांस. तिकडचं कारलं जाड सालीचं आणि फुगीर असतं. आपण फिकट हिरवं, लांब आणि मांसल कारलं निवडावं, लहान गडद कारली यात फार कडू होतात. उभं चिरून बिया आणि पांढरा गर चमच्याने खरवडा, तीन मिलिमीटरचे काप करा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून पुसा. गूळ-चिंच घालायचा मोह आवरा. टोफू आधी सोनेरी करून काढा, कारलं दोन-तीन मिनिटं परता, टोफू परत घाला, थोडा सोया सॉस टाका आणि शेवटी फेटलेली अंडी ओतून ती जमताजमता गॅस बंद करा. अंड्यामुळे कडूपणा बोचत नाही.

भात आणि डबा

सोबत जपानी आखूड तांदळाचा भात असतो. तो नसेल तर इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या. दोन्हींचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो, रस धरून ठेवतो आणि चॉपस्टिकने उचलताही येतो. बासमती इथे नको.

भात आधी होऊ द्या, माणसं पानावर बसू द्या आणि मग भाजी परतायला घ्या. डब्यात न्यायची असेल तर मोड वगळा, भाज्या थोड्या जास्त कोरड्या परता, ताटलीत पसरून पूर्ण गार करा आणि डब्याच्या तळाशी कुटलेल्या तिळाचा थर द्या. सुटलेलं पाणी तीळ शोषून घेतात. जपानी बेंतोमध्येही, म्हणजे तिकडच्या जेवणाच्या डब्यातही, हेच करतात. उरलेली भाजी फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उकडलेल्या नूडल्सबरोबर पुन्हा चांगली गरम करून संपवा.